पाहुण्यांचं वायफाय आणि गडग्यावरची पोरं

पडवी
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घरगुती निवास आहे. पाच खोल्या, मागे नारळी-पोफळीची वाडी, जेवण घरचंच. तीन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत फायबरचं इंटरनेट आलं. तेव्हाच पासवर्ड कागदावर लिहून पडवीतल्या खांबाला चिकटवला, तो अजून तोच आहे.

मागच्या महिन्यात तालुक्याहून पोलिसांचा फोन आला. मे महिन्यातल्या एका रात्री आमच्या कनेक्शनवरून कुणीतरी एका मुलीच्या नावाने खोटं खातं काढून तिच्या ओळखीच्या लोकांना घाणेरडे मेसेज पाठवले होते. कनेक्शन आमच्या ह्यांच्या नावावर. रजिस्टर घेऊन दोघं गेलो. त्या रात्री पाचही खोल्या भरलेल्या, २३ माणसं. शिवाय गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर बसून आमचंच वायफाय वापरणारी गावातली पोरं वेगळी. "यातलं कोण?" ह्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तरच नव्हतं.

पोलीस आमच्याशी नीट बोलले. पुढे त्या खात्याला जोडलेल्या मोबाइल नंबरवरून माणूस सापडला, आमच्याकडे उतरलेल्यांपैकीच होता. पण त्याला अकरा दिवस लागले, आणि ते अकरा दिवस गावाने बोट दाखवलं ते गडग्यावरच्या पोरांकडे. त्यातला एक आमच्याकडे सुपाऱ्या सोलायला येतो, बारावीला आहे. अकरा दिवस त्याने आमच्या खळ्यात पाऊल टाकलं नाही. मला पोलिसांच्या फोनपेक्षा तेच जास्त लागलंय.

हे म्हणतात वायफाय बंदच करून टाकू. मला बंद करायचं नाही. पण पुन्हा कुणी निरपराध मुलगा असा मान खाली घालून फिरायला नको. तुम्ही पाहुण्यांना नेट कसं देता? नीट, जमेल असं सांगा.

दर्यावर्दी
बंद करा हो. माणूस कोकणात येतो तो समुद्रासाठी. मोबाइलचा डेटा सगळ्यांकडे असतो.

सुपारीची_बाग
दर्यावर्दी, तुम्ही डेटा म्हणता, आमच्या वाडीत फोनला रेंज मिळते ती उतार चढून वर सड्यावर गेल्यावर. खाली माडांमध्ये एक काडी आली तरी नशीब. आणि पाहुण्याने जाताना बिल कसं द्यायचं? हल्ली दहापैकी आठ जण क्यूआर स्कॅन करतात. गेल्या दिवाळीत नेट गेलं होतं तर एक कुटुंब पैसे देण्यासाठी गाडी घेऊन सड्यावर गेलं आणि तिथून पैसे पाठवले. वायफाय ही आता चैन राहिलेली नाही, विहिरीवरच्या पंपासारखी गरज आहे.

मालवणी_मसालो
तारकर्लीक येवन पोरां मोबाईलात तोंड घालून बसतत, मगे दर्या कोण बघतलो? पण सुपारीची_बाग म्हणता ता खरा असा. नेट नाय तर पैसे नाय.

तारवाला
मी चिपळूणला नेटवर्किंगची कामं करतो, गेल्या काही वर्षांत किनाऱ्यावरच्या बऱ्याच निवासांत राउटर बसवलेत. ताई, तुमचा प्रश्न दोन वेगळ्या भीतींचा आहे, ते आधी सुटे करू.

पहिली भीती, पाहुणा तुमच्या घरात शिरण्याची. सगळं एकाच वायफायवर असेल तर पाहुण्याचा फोन आणि तुमचा बिलांचा कॉम्प्युटर, सीसीटीव्हीचा डबा, प्रिंटर हे सगळे एकाच पंगतीला बसलेले असतात. शेजारच्या पानात हात घालणं अवघड नसतं. जवळजवळ प्रत्येक चालू राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं, ते चालू करा. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि 'घरच्या नेटवर्कमध्ये प्रवेश' ही खूण काढलेली ठेवा. त्यातच 'आयसोलेशन' नावाची सोय असते, ती लावली की पाहुण्यांचे फोनही एकमेकांना दिसत नाहीत. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि फुकट आहे.

दुसरी भीती, पाहुणा तुमच्या नावावर बाहेर काही उद्योग करण्याची. गेस्ट नेटवर्कने ती जात नाही. घरातून बाहेर पडताना सगळ्यांचा पत्ता एकच होतो, तुमच्या कनेक्शनचा. इंटरनेट कंपनी एवढंच सांगू शकते की अमुक वेळेला हा पत्ता अमुक ग्राहकाकडे होता. आत तेवीस जण होते की तीन, ते तिला दिसत नाही. तिथून पुढची ओळ तुमच्या वहीत असायला हवी.

नारळीपाक
तारवालादादा म्हणतात ते एकाच पंगतीचं आमच्याकडे घडलंय. आजी माजघरात टीव्हीवर मालिका बघत होती. मध्येच कार्टून सुरू झालं. आजीने रिमोट दाबून मालिका लावली, पुन्हा कार्टून. दोन नंबर खोलीतल्या पाच वर्षांच्या मुलाने आईच्या फोनवरून आमच्याच टीव्हीवर पाठवलं होतं, त्याला वाटलं त्यांच्या खोलीतला टीव्ही. शेवटी आजीने त्याला बोलावून शेजारी बसवलं आणि दोघांनी कार्टून बघितलं. 😀 त्या दिवशी रात्रीच गेस्ट नेटवर्क वेगळं केलं.

आडवाट
हा हा, गोड आजी!

तारवाला
नारळीपाक, मस्त. एक लक्षात ठेवा, आयसोलेशन लावल्यावर पाहुण्याला खोलीतल्या टीव्हीवरही फोनमधून काही पाठवता येत नाही. पाहुणे तक्रार करतात. त्यांना आधीच सांगितलेलं बरं.

काळा_कोट
रत्नागिरीत वकिली करतो. थोडा इतिहास सांगतो म्हणजे पोलीस आधी तुमच्याच दारात का येतात ते कळेल.

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीची ईमेल गेली, ती नवी मुंबईतल्या एका घरातल्या वायफायवरून. तिथल्या माणसाचा त्यात काही हात नव्हता, पण तपास त्याच्यापासून सुरू झाला. नंतरच्या एका मेलसाठी मुंबईतल्या एका कॉलेजचं वायफाय वापरलं गेलं. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या. सार्वजनिक ठिकाणी नेट देताना वापरणाऱ्याची ओळख, फोटो ओळखपत्राने किंवा मोबाइलवर पाठवलेल्या पासवर्डने, नोंदली जावी ही पद्धत तिथून आली.

वायफाय दिलं एवढ्यानेच तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, ही भीती मनातून काढा. दुसऱ्याने केलेल्या गुन्ह्यात दोषी ठरायला तुमचा इरादा आणि माहिती लागते. पण चौकशीला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर नसेल तर संशय आजूबाजूला सांडतो. तुमच्या गावात तेच झालं. असा प्रकार लक्षात आला तर गप्प न बसता सायबर तक्रारीच्या पोर्टलवर नोंदवा. पैशाची फसवणूक असेल तर लगेच १९३० वर फोन करा.

मुंबईकर_पाहुणी
मी पाहुण्यांच्या बाजूने लिहिते. गेल्या वर्षी एका ठिकाणी (नाव नको) वायफाय हवं तर आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हणाले. मी नाही पाठवला. माझं कार्ड कुणाच्या फोनच्या गॅलरीत, लग्नाच्या फोटोंच्या मध्ये किती वर्षं पडून राहणार? उद्या त्यांचा फोन हरवला तर? तुम्हाला माझी भीती वाटते तशी मलाही तुमची वाटते, एवढं मालकांनी ध्यानात घ्यावं. मी एकटी प्रवास करते, म्हणून हे जास्त जाणवतं.

काळा_कोट
मुंबईकर_पाहुणी, रास्त बोललात. खोली देताना ओळखपत्र बघणं आणि रजिस्टरला नोंद घेणं भाग आहे. परदेशी पाहुण्याची माहिती तर चोवीस तासांत सरकारला कळवावीच लागते. पण तीच नोंद वायफायलाही पुरते, दुसऱ्यांदा कार्ड मागायचं कारण नाही. आधारची प्रत घ्यायचीच तर 'मास्क्ड आधार' घ्या, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. लोकांची माहिती जमा करून ठेवणं हे ओझं आहे. जेवढी कमी, तेवढं तुमचंही बरं.

फणसाची_भाजी
एक भाबडा प्रश्न. पाहुणे काय बघतात ते मालकाला दिसतं का? आमच्याकडे एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

तारवाला
काकांना सांगा, निर्धास्त राहा. आता बहुतेक साइट कुलूपबंद असतात, पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं त्या. राउटरमधून फार तर कुठल्या साइटला गेलं ते नाव कळतं. आत काय वाचलं, काय लिहिलं, बँकेचा पासवर्ड काय, ते दिसत नाही. आणि साधा राउटर तेवढंही धड जपून ठेवत नाही. त्यातली नोंद बऱ्याचदा लाइट गेली की पुसली जाते. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. म्हणून राउटरमधल्या नोंदीच्या भरवशावर राहू नका.

खाडीपलीकडे
मी सगळ्यांचे फोन मॅक अ‍ॅड्रेसने, म्हणजे फोनच्या वायफायच्या ओळख-क्रमांकाने नोंदवून ठेवतो. नोंद नाही तो फोन चालतच नाही. एकदम कडेकोट.

तारवाला
खाडीपलीकडे, पूर्वी ठीक होतं. २०१९ चं अँड्रॉइड १० आणि २०२० चं आयओएस १४ आल्यापासून फोन प्रत्येक वायफायला आपला खोटा मॅक अ‍ॅड्रेस देतात. पाहुण्याने नेटवर्क विसरून परत जोडलं तर तोही बदलू शकतो. शिवाय पाहुणा आला की तुम्ही बारा आकडी-अक्षरी पत्ता टिपत बसणार आणि तो बिचारा चहाची वाट बघणार. तीच गोष्ट वायफायचं नाव लपवण्याची. शोधणाऱ्याला ते सापडतंच, आणि पाहुण्याला मात्र सापडत नाही.

खाडीपलीकडे
अच्छा, म्हणूनच सारखी तीच माणसं "चालत नाही" म्हणून येतात! मला वाटायचं राउटर बिघडलाय. आजच काढतो.

वेळासची_कासवं
आमच्याकडे कासवांच्या दिवसांत गर्दी असते, तेव्हाची पद्धत सांगते. दर सोमवारी गेस्टचा पासवर्ड बदलते. आकड्यांचा पासवर्ड लोक विसरतात म्हणून चार शब्द जोडते: सुरमई-फणस-होडी-कोळंबी, असे. लांब असला की ओळखायला कठीण, सांगायला सोपा. फक्त एकदा 'तिसऱ्या' (खायच्या शिंपल्या) घातलं आणि फसले. इंग्रजी अक्षरांत ते प्रत्येक जण वेगळं लिहितो. सकाळभर तेच सांगत बसले. आता क्यूआर छापून प्रत्येक खोलीत दाराच्या आतल्या बाजूला लावते. फोनचा कॅमेरा धरला की जोडलं जातं, स्पेलिंगची कटकट नाही. पडवीत काही लावायचं नाही, कारण पडवीतलं रस्त्यावरून दिसतं.

आडवाट
सुरमई-फणस-होडी-कोळंबी वाचून भूक लागली.

पडवी
वाचतेय सगळं, खूप आभार. तारवालादादा, आमचा राउटर पडवीतच खांबावर आहे. चालेल ना?

तारवाला
नाही ताई, आधी तो आत घ्या. राउटरच्या तळाला स्टिकर असतो, त्यावर कंपनीचा मूळ पासवर्ड छापलेला. मागे टाचणी जाईल एवढं भोक असतं. ते दाबून धरलं की राउटर कोरा होतो आणि तो स्टिकरवरचा पासवर्ड चालायला लागतो. म्हणजे ज्याच्या हाताला राउटर लागला त्याच्या हातात सगळं आलं. डब्ल्यूपीएस नावाचं, पासवर्ड न टाकता फोन जोडायचं बटण असतं, त्याची पिनची पद्धत कच्ची आहे हे २०११ पासून माहीत आहे, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. सेटिंगला शिरायचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन' असेल तर आधी तो बदला. आणि सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा.

माजघरात ठेवलात तर जांभ्याच्या भिंती आड येतील. चिऱ्याची जाड भिंत, त्यात पावसाळ्यात ओल. ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय एका भिंतीतच दमतं, २.४ थोडं पुढे जातं. खोल्यांकडे एक तार ओढून दुसरा छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुढे पसरवणारा डबा, वाशाला टांगा.

सुपारीची_बाग
तार ओढताना माडाखालून नको. आमची फायबर दोनदा झावळ पडून तुटली, एकदा वांदरांनी झोका घेतला.

माडाची_सावली
अवांतर आहे पण सांगायलाच हवं. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. मे अखेरच्या वळवात आमचा राउटर जळला तो लाइटच्या प्लगमधून. कडाडायला लागलं की प्लग काढा. आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा आम्ही श्रीवर्धनकडे होतो. घरावरचे पत्रे गेले, खांब आडवे, कितीतरी दिवस मुंबईतल्या लेकीला "आम्ही आहोत" एवढं कळवायला सोय नव्हती. तेव्हापासून नेट चालू राहणं ह्या गोष्टीकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

घाटावरचा
माडाची_सावली, अंगावर काटा आला. तौक्तेत २०२१ ला माझी बहीण मालवणात होती, आमचेही तसेच दिवस गेले.

शिक्षक_किनारा
ताईंच्या मूळ पोस्टमधल्या पोरांबद्दल अजून कुणी फारसं बोललं नाही. मी ह्याच पट्ट्यात शिकवतो. लॉकडाऊनमध्ये माझ्या वर्गातली मुलं रेंजसाठी सड्यावर जाऊन पावसात छत्री धरून बसली आहेत, मी डोळ्यांनी बघितलंय. गडग्यावर बसणारं पोर टवाळच असतं असं नाही. तिथेच परीक्षेचे फॉर्म भरले जातात, शिष्यवृत्तीचे अर्ज जातात, भरतीच्या जाहिराती बघितल्या जातात. पासवर्ड बदलला आणि पोरं बाहेर राहिली तर पाहुण्यांची चूक त्यांनी भरली असं होईल. ताई, तुमचं वायफाय आहे, तुमचा निर्णय. पण त्या बारावीच्या मुलाशी बोला.

दर्यावर्दी
सरांचं पटलं. मी वर "बंद करा" लिहिलं होतं, ते मागे घेतो.

काळा_कोट
मुलांसाठी आणखी एक वाट आहे. केंद्राच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकान, चहाची टपरीसुद्धा वायफाय देऊ शकते, त्या दुकानदाराला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. मधली संस्था नोंदणीकृत असते, वापरणारा अ‍ॅपमधून मोबाइल नंबर पडताळून आत येतो. म्हणजे कोण होतं ह्याची नोंद दुकानदाराच्या डोक्यावर राहत नाही. गावात कुणी दुकानदार तयार असेल तर विचार करा.

तारवाला
+१. आणि तोवर ताईंसाठी माझा सल्ला चिठ्ठ्यांचा. मायक्रोटिक, ओमाडा अशा राउटरांत 'व्हाउचर' काढता येतात. प्रत्येक खोलीला वेगळा कोड, दोन दिवसांनी आपोआप मेलेला. वायफायला जोडलं की आधी एक पान उघडतं, त्यात कोड टाकायचा. रजिस्टरमध्ये पाहुण्याच्या नावासमोर कोड लिहायचा, झालं. आधार नको, ओटीपी नको. पोलिसांनी तारीख-वेळ विचारली तर त्या वेळी कुठला कोड चालू होता हे सांगता येतं. ती नोंद राउटरबाहेर साठवायचा छोटा कंट्रोलर मिळतो, तो लाइट गेली तरी विसरत नाही.

प्रत्येक कोडला वेगाची मर्यादाही घाला. नाहीतर एक जण सिनेमे उतरवत बसतो आणि उरलेल्या चार खोल्या तुमच्या नावाने बोटं मोडतात. आणि गेस्टच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, तिचं सेटिंग राउटरमध्ये असतं) १.१.१.३ टाका. क्लाउडफ्लेअरची ही फुकट सेवा अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट अडवते. पक्कं कुंपण नाही, माहितगार माणूस ओलांडतो, पण लहान मुलं असलेल्या घरात उपयोग होतो.

मुंबईकर_पाहुणी
चिठ्ठीची पद्धत मला पाहुणी म्हणून मान्य. खोलीच्या किल्लीबरोबर एक चिठ्ठी, ह्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

फणसाची_भाजी
तारवालादादा, पाच खोल्यांना हे फार होत नाही का? आमच्या दोनच खोल्या आहेत.

तारवाला
दोन खोल्यांना वेळासच्या ताईंची पद्धत पुरे. गेस्ट वेगळं, पाहुणा बदलला की पासवर्ड बदला, तारीख वहीत टाका. व्हाउचरचा घाट चार-पाच खोल्यांपासून पुढे.

पडवी
महिना झाला, सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

राउटर माजघरात आला, खोल्यांकडे अ‍ॅक्सेस पॉइंट लावला. खांबावरचा कागद काढला, त्याखाली रंगाचा चौकोन उरलाय. आता तीन नेटवर्क आहेत: घरचं, पाहुण्यांचं, आणि तिसऱ्याला आम्ही 'गडगा' नाव दिलंय.

ह्या तिसऱ्यासाठी घरात बरीच बोलाचाली झाली. हे म्हणत होते, कशाला पुन्हा नसती आफत. मी शिक्षक_किनारा सरांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी हे स्वतः त्या मुलाच्या घरी गेले. खळ्यात उभं राहून त्याच्या आईवडिलांसमोर म्हणाले, "तुझ्यावर नाव आलं ते आमच्या निष्काळजीपणाने. चूक आमची." तो काही बोलला नाही. आईने चहा ठेवला.

तो चार दिवसांनी आला. सुपाऱ्यांची पोती तशीच होती. सोलता सोलता त्याने विचारलं, कोड कसे काढतात. मी दाखवलं. आता गडग्याच्या चिठ्ठ्या तोच काढतो: प्रत्येक मुलाला स्वतःच्या नावाचा कोड, संध्याकाळी पाच ते नऊ, महिन्याने नवीन. नऊ मुलं आणि तीन मुली आहेत. मुली आधी कधी गडग्यावर बसायच्या नाहीत, आता पडवीच्या पायरीवर बसतात. कुणी दुसऱ्याचा कोड मागितला तर तो देत नाही, म्हणतो वहीत सही कर आणि स्वतःचा घे.

पाहुण्यांपैकी एकानेच आतापर्यंत कुरकुर केली, टीव्हीवर फोन जोडता येत नाही म्हणून. ते तारवालादादांनी आधीच सांगितलं होतं.

नारळीपाक
ताई, डोळ्यांत पाणी आलं. ह्यांना आमचा नमस्कार सांगा.

शिक्षक_किनारा
पडवीताई, त्या मुलाला माझा नंबर द्या, व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. बारावीनंतर आयटीआयला जायचं असेल तर फॉर्म भरायला मदत करेन.

माडाची_सावली
छान झालं. पण प्लगचं विसरू नका हं, आता परतीचा पाऊस आहे.

पडवी
नाही विसरले. ते काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. काल पहिला गडगडाट झाला तेव्हा चार नंबरवाल्यांचा व्हिडिओ कॉल चालू होता. सासूबाईंनी आधी दारावर टकटक करून त्यांना सांगितलं, मग प्लग काढला.